मापासाठी उभा केलेला माणूस

बाबा, आज दुपारी साडेतीनच्या सुमारास मी तुम्हांला पाहिले. पडद्यावर, साधारण साडेपाच फूट उंच, म्हणजे जवळजवळ खऱ्या मापाचे. जहाजाच्या पोटात, जिथे माल भरतात त्या खणात, तुम्ही उभे होता. डाव्या हातात रंगाचा ब्रश होता आणि कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसे तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहत होता. चेहरा थोडा अंधारात होता, म्हणून मी आधी टोपी ओळखली आणि मग तुम्हांला. निळ्या कापडावर पांढरी बदके. आपल्या स्वयंपाकघराच्या पडद्याचे उरलेले कापड. आईने तुम्हांला त्याची टोपी शिवून दिली होती, कारण गंज ठोकताना त्याचा भुगा केसांत जातो आणि आठवडाभर निघत नाही. त्याच कापडाचा दुसरा तुकडा अजून आपल्याकडे आहे, आई त्याने गॅसची शेगडी पुसते. आज सकाळी निघताना मी तो हातात घेतला होता, त्यामुळे चूक होण्याची शक्यता नव्हती. मी शेजारच्याचे पेन मागून घेतले आणि वहीत वेळ लिहिली, पंधरा-तीस. का लिहिली ते सांगता येणार नाही.

हे लिहायला मी तुमच्या फोटोमुळे बसले असे वाटेल, पण खरे कारण एक टाकी आहे. ते आधीच सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी आता काय काम करते हे तुम्हांला ठाऊक नाही. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि गेली दोन वर्षे मी पोलादाची जाडी मोजते. कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूला, बाकीच्या रसायन कारखान्यांत, जिथे जिथे टाक्या आणि पाइप आतून झिजतात तिथे आमची कंपनी मला पाठवते. पत्त्यांच्या कॅटएवढे एक यंत्र असते आणि त्याला वायरने जोडलेले बोटाएवढे टोक. पोलादावर थोडे जेल लावून ते टोक टेकवले की आवाज आत जातो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून जाडी कळते. तुम्ही हातोडा मारून कान द्यायचा, तेच. फक्त माझा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. पहिला नियम असा, की जिथे टोक टेकवायचे तिथला रंग खरवडून काढायचा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. रंगातून आवाज सावकाश जातो. आमच्याकडच्या साध्या यंत्राला ते समजत नाही, ते रंगालाही पोलादच समजते. मिलिमीटरभर रंग त्याला अडीच मिलिमीटर पोलाद वाटतो.

गेल्या महिन्यात मी एका कारखान्यात गंधकाच्या आम्लाची टाकी मोजली. चोवीस जागा होत्या. टाकीला नवाकोरा राखाडी रंग दिलेला होता, तपासणी आहे म्हणूनच दिलेला. तिथले देखभालीचे साहेब माझ्याबरोबर फिरत होते, वयस्क, सभ्य, स्वतः चहा घेऊन आलेले. मी चार जागा खरवडल्या आणि पाचवीपाशी ते अजिजीने म्हणाले, "बेन, हमणां ज कलर कराव्यो छे. बगाडशो नहीं." रंग खराब करू नका एवढेच त्यांचे म्हणणे होते. ऊन होते, शिडीवर उभे राहून खांदा भरून आला होता, आणि खरवडलेल्या चारही जागा चांगल्या निघाल्या होत्या. उरलेल्या वीस जागा मी रंगावरूनच मोजल्या. आकडे उत्तम आले. मी अहवालावर सही केली. त्या टाकीच्या सावलीत दुपारी पाच-सहा माणसे डबे उघडून बसतात. मी गेले तेव्हाही बसली होती आणि मला थेपला देत होती.

तुमच्याबद्दल मला जे आठवते ते फार नाही, कारण तुम्ही वर्षातले नऊ-दहा महिने नसायचा. दांडिया बाजारातल्या घरात काका तुम्हांला चिडवायचे ते आठवते. आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबा राजवाड्याच्या फाटकावर, काका रेल्वेत, आणि तुम्ही खलाशी. बडोद्यात पाणी म्हणजे विश्वामित्रीचं, तेही मगरींनी ठेवलेलं, आणि हा चालला दर्यावर, असे ते जेवताना म्हणत आणि तुम्ही ताकाचा पेला तोंडाला लावूनच हसत असायचा. रिफायनरीत तुमचा नंबर दोनदा हुकला, मग कुणा ओळखीच्याने मुंबईतून कागद करून दिले आणि तुम्ही गेलात, एवढे आईकडून कळले. खलाशी म्हणजे सुकाणू धरणारा असे मी शाळेत सांगत असे. एकदा तुम्हीच दुरुस्त केलेत. आम्ही सुकाणूबिकाणू क्वचितच धरतो, म्हणालात, आम्ही गंज ठोकतो. पुढून सुरुवात करायची, मागे पोचेपर्यंत पुढचा परत गंजलेला असतो.

रजेवर आलात की तुमचा हात थांबत नसे. कारेलीबागच्या फ्लॅटमध्ये आपण नवीनच राहायला आलो होतो. तुम्ही गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याचा कठडा, खालच्या मजल्यावरच्या गुजराती मासींचा झोपाळा, सगळे ठोकून पाहायचा आणि मला म्हणायचा, ऐक. चांगले लोखंड बोलते आणि खाल्लेले लोखंड गिळते, असा तुमचा हिशेब होता. मासी आईला विचारायच्या, तमारा साहेब डॉक्टर छे के शुं, आणि आई पदर तोंडाला लावायची.

नऊ वर्षांची असताना मी तुम्ही येणार म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीची गंजलेली जाळी रंगवून ठेवली. मासींच्या दाराचा उरलेला हिरवा रंग होता. दोन दुपारी लागल्या. तुम्ही आलात, बॅग खाली ठेवली, आईशी बोलता बोलता सवयीने जाळीवर हातोडा मारलात. टप्प असा आवाज आला, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तुम्ही विचारलेत, हे कुणी केलं. मी अभिमानाने पुढे झाले. तुम्ही रागावला नाहीत, ओरडलाही नाहीत, आणि म्हणूनच ते अजून जसेच्या तसे आठवते.

"गंज दिसत होता तोवर ठीक होतं," तुम्ही म्हणालात. "आता तो आहे आणि दिसतही नाही. खरवड सगळं. मागची बाजू आधी."

तीन दिवस मी तारेच्या ब्रशने जाळी घासते आहे, बोटांची साले निघाली आहेत, आई मधूनच म्हणते आहे की पोरीला सोडा आता, आणि तुम्ही स्टुलावर बसून चहा पिता आहात, मदत करत नाही. मग तुम्ही स्वतः नवा रंग आणून दिलात, लाल आधी, हिरवा मग. सगळे वाळल्यावर परत हातोडा मारलात. या वेळी आवाज स्वच्छ आला. तुम्ही हातोडा उलटा करून दांडा माझ्याकडे केलात आणि म्हणालात, हा तुझा. दोन्हीकडे धार असलेला, आखूड दांड्याचा, जहाजावरचा. आई म्हणाली, मुलीला हातोडा कसला देता, बाहुली तरी आणायची. तुम्ही म्हणालात, बाहुली काय सांगणार तिला.

त्यानंतरच्या वर्षी तुम्ही गेलात ते शेवटचे. मासींच्या घरचा फोन वाजला, आई धावत खाली गेली आणि मी तिच्या मागे. मुंबईच्या कचेरीतून माणूस बोलत होता. जहाज मुदतीत पोचलं नाही, एवढेच तो म्हणाला. मी आईला विचारले, किती लेट आहे. मला ते स्टेशनवरच्या गाडीसारखे वाटले होते. आईने तोच प्रश्न त्या माणसाला विचारला. संदेश नाही, होडी नाही, माणूस नाही, नंतर कधीतरी थोडे तेल पाण्यावर दिसले असे कळले. काकांनी भटजींना विचारून दर्भाचा पुतळा करून विधी करायचे ठरवले तेव्हा आई म्हणाली, गवताला मी नवरा म्हणणार नाही. विधी झाला, ती आत बसून राहिली. मंगळसूत्र आजही तिच्या गळ्यात आहे. कुणी विचारले तर ती म्हणते, लेट आहे.

फोन आल्यावर अकरा दिवसांनी तुमचे पत्र आले. आधीच्या बंदरातून टाकलेले. आईला वाटले तुम्ही जिवंत आहात. तिने ते घेऊन खाली मासींकडे जाऊन मोठ्याने वाचले. पत्रात एक वाक्य होते, मला पाठ आहे. "सध्या आराम आहे, तपासणी जवळ आली म्हणून बोसनने आमचे हातोडे काढून घेतले आहेत, नुसता रंग मारायचा, कान शांत आहेत." बोसन म्हणजे तुमचा मुकादम, हे तुम्हीच पूर्वी सांगितले होते. आई कितीदा तरी म्हणाली आहे की शेवटचे दिवस तरी त्यांचे सुखाचे गेले. मीही तसेच समजत आले. बारा वर्षे मी ते वाक्य बातमी म्हणून वाचले. आज त्याचा अर्थ कळला. हातोडे का काढून घेतात? कारण ठोकले तर आरपार जातात.

हे आज कसे कळले ते सांगते. आमच्या कंपनीने आम्हांला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवले आहे, अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे, जहाजे मोजण्यात आयुष्य घालवलेले, इंग्रजीतून बोलता बोलता गुजरातीवर येणारे. जेवणानंतर लोक पेंगत होते. त्यांनी तो फोटो लावला आणि सगळ्यांना विचारले की यात काय चुकले आहे. कुणी म्हणाले ब्रश, कुणी म्हणाले हेल्मेट नाही, कुणी टोपीतल्या बदकांना हसले. ते म्हणाले, "पेलो माणस माप माटे छे. एने नहीं, एनी पाछळ जुओ." तो माणूस उंची कळावी म्हणून उभा केला आहे, त्याच्याकडे नाही, त्याच्या मागे पाहा. सगळ्यांनी मागे पाहिले. मला पाहता येईना. मी तुमच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

मागे जहाजाच्या कडेच्या बरगड्या होत्या, ताज्या रंगाने लख्ख. ते म्हणाले, त्या दिवशी ही जाडी मी मोजली. वेळ कमी होता, जहाज संध्याकाळी सुटायचं होतं. मी रंगावरूनच टोक टेकवलं. आकडे सुंदर आले. मी पोलाद मोजतोय असं समजून रंग मोजत होतो. काही आठवड्यांनी जहाज भरल्या मालासकट गेलं, कुणीही परत आलं नाही. ते आवाज न चढवता बोलत होते, आम्ही कारखान्यातल्या एखाद्या पंपाबद्दल बोलतो तसे. हा फोटो मी प्रत्येक वर्गात दाखवतो, म्हणाले. मग त्यांनी विचारले की इथे कुणी कधी रंगावरून मोजून सही केली आहे, खरं सांगा, हात वर करा. चार-पाच हात वर गेले, थोडे हसत, थोडे इकडेतिकडे पाहत. माझा गेला नाही. माझे दोन्ही हात वहीवर होते आणि वहीत पंधरा-तीस असे लिहिलेले होते.

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. तुम्ही माझे वडील आहात असे मी सांगितले नाही. मला प्रश्न विचारायचा होता आणि नाते सांगितले असते तर त्यांनी उत्तर बदलले असते. मी विचारले, फोटोतला माणूस काही बोलला होता का. त्यांच्या हातातले बिस्किट चहात बुडवलेले होते ते तसेच राहिले, तुकडा कपात पडला. इतकी वर्षं दाखवतोय, म्हणाले, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. मग म्हणाले, मी त्याला थांब म्हटलं तेव्हा त्यानं टोपी सरळ केली. फोटो झाल्यावर मी बरगडीला जेल लावायला लागलो तर तो जवळ आला. त्याच्या खिशात एक छोटी पट्टी होती, पातं असतं तशी. तो म्हणाला, "साब, यहाँ खुरच दूँ?"

मी विचारले, तुम्ही काय म्हणालात.

"में कह्युं, रहने दो, रंग खराब होगा."

त्यांनी कप खाली ठेवला. तुम्ही बडोद्याच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षांच्या मुलीला तीन दिवस जाळी घासायला लावली होती, आणि जहाजावर तुमच्या हातात ब्रश देऊन तुमच्याकडून गंज झाकून घेतला होता, आणि हातोडा काढून घेतल्यावरही तुम्ही खिशात पट्टी ठेवली होती. विचारलेत. नको म्हटल्यावर बाजूला झालात, कारण साहेब सांगतो आहे. तुम्ही रंगाचे तीन हात नीट मारले असणार, तुमचे काम नेहमी नीट असे. तुमचा तो नीटपणा त्या यंत्राने पोलाद म्हणून मोजला. मला दोन वर्षे रोज हे माहीत होते, मिलिमीटरला अडीच मिलिमीटर, आणि मी ते कधी तुमच्यापर्यंत आणून लावले नव्हते. आणि "बगाडशो नहीं" म्हटल्यावर मीही बाजूला झाले होते. मला तर माझा कुणी साहेबही सांगत नव्हता.

मी शेवटच्या तासाला बसले नाही. हॉटेलच्या बाहेर फोनच्या बूथवरून कारखान्यात फोन लावला. तेच सभ्य साहेब आले. मी सांगितले की माझा अहवाल वापरू नका, वीस आकडे भरवशाचे नाहीत, टाकीतली पातळी आजच उतरवा आणि माणसांना तिच्याखाली बसू देऊ नका. ते म्हणाले, पण बेन, सही तो तमारी छे. मी म्हटले, हो, माझीच आहे, म्हणून मीच सांगते आहे. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आहे, रिकामी करायला दुसरी टाकी आधी रिकामी करावी लागेल, असे ते म्हणाले. करतो असेही म्हणाले. त्यांनी केले की नाही ते मला आत्ता ठाऊक नाही. मग आमच्या मॅनेजरना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सोमवारी लेखी खुलासा घेऊन ये असे सांगितले. आवाज नेहमीचाच होता, फक्त मला बेटा म्हणतात ते म्हणाले नाहीत. उद्या सकाळी आठला मी टाकीवर जाणार आहे. नोकरी राहिली तर यंत्र कंपनीचे, नाहीतर हातोडा माझा आहेच.

घरी आले तेव्हा आई देवळातून नुकतीच परतली होती आणि पोळ्या लाटत होती. तिला फोटोबद्दल सांगितलेले नाही. हातोडे का काढून घेतले हे तिला कळले तर तिचे ते सुखाचे दिवस जातील, आणि तुम्ही खरवडू का म्हणालात हे सांगायचे तर आधी ते सांगावे लागेल. आज तरी मला ते दोन्ही एका दमात सांगता आले नसते. मी कपाटातून तुमचा हातोडा काढला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहिले. आईने मान वर न करता म्हटले, काय ठोकतेस, अगदी त्यांच्यासारखी. मी म्हटले, पाहते आहे जरा.

हे कागद तुमच्या त्या पत्राबरोबर एकाच फाइलमध्ये राहतील, दुसरीकडे जायला त्यांना जागा नाही. म्हणून जे कुणालाच सांगितले नाही ते इथे लिहून ठेवते. त्या जाळीची मागची बाजू मी पूर्ण खरवडली नव्हती. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन सळ्या, जिथे हात पोचायला बाहेर लोंबकळावे लागले असते, त्या मी तशाच रंगवल्या. तुम्ही पुढून ठोकलेत आणि मधोमध ठोकलेत. आज मी तिथे, मागून, हात घालून ठोकले. हातोडा आत गेला, बाबा.